लाईट बिल वाढलं, चोर निघाला पाण्यात: वडगावातल्या एका घराची गोष्ट

पार्श्वभूमी

घर बेळगावात, वडगावच्या बाजूला. गल्ली आणि नावं सांगत नाही, घरच्यांनी तेवढ्या अटीवरच लिहायला हो म्हटलंय. मी उद्यमबागेत (इथली औद्योगिक वसाहत) मेंटेनन्सला आहे आणि या घरातला थोरला माझ्याबरोबर कामाला, त्यामुळं सगळा प्रकार मला जवळनं बघायला मिळाला आणि थोडीफार धावपळ मीच केली.

खाली सहा माणसं. आजी, थोरला, त्याची बायको (मी वैनी म्हणतो), दोन पोरं शाळेतली आणि धाकटा, ज्याचं लग्न अजून व्हायचंय. वरच्या मजल्यावर भाडेकरू, नवराबायको दोघंच, दोघंही जॉबला, हुक्केरीकडचे, घरात कन्नड. आजीला कन्नड बऱ्यापैकी येतं, वैनीला समजतं खरं (आमच्याकडं 'पण'ला 'खरं' म्हणतात) बोलायला येत नाही, आणि वरच्या बाईला मराठी मोडकं तोडकं. हे आत्ता सांगून ठेवतो कारण पुढं याचा संबंध येतो.

पाणी दोन ठिकाणचं. नळाला चार-पाच दिवसातून एकदा येतं, उन्हाळ्यात त्याहून उशिरा. गल्लीत कुणीतरी "नीर बंतु" (पाणी आलं) म्हणून ओरडलं की सगळ्या घरातनं कळश्या आणि पाईप बाहेर. ते पाणी खाली छोट्या हौदात आणि पिंपात भरतात, पिण्याला आणि स्वयंपाकाला. बाकी आंघोळ, कपडे, भांडी, संडास सगळं बोअरवर. बोअरमध्ये दीड हॉर्सपॉवरची सबमर्सिबल मोटर (पाण्यात बुडवून ठेवतात ती), तिथनं पाणी थेट गच्चीवरच्या हजार लिटरच्या सिंटेक्समध्ये, आणि त्या एकाच टाकीतनं खाली-वर दोन्हीकडं. लाईटचे मीटर मात्र दोन, खालचा वेगळा वरचा वेगळा, आणि बोअरची मोटर खालच्या मीटरवर.

शहरात काही वॉर्डात २४ तास पाण्याची योजना बरीच वर्षं चालू आहे, तिथं मीटर असतो आणि जेवढं वापरलं तेवढं बिल येतं. या घराला अजून तसलं काही नाही, पाण्याचं बिल महिन्याला ठरलेलं. म्हणजे पाणी वाचवून पाण्याचं बिल एक रुपयानं पण कमी होणार नव्हतं. घरात पाण्याकडं कुणी हिशोबानं बघत नव्हतं त्याचं हेच कारण, बोअर आपलं, पाणी आपलं, पैसे कुठं पडतात.

आता गृहज्योती योजना. बाहेरच्यांसाठी थोडक्यात सांगतो. कर्नाटकात २०२३च्या जुलैपासून घरगुती वीज २०० युनिटपर्यंत फुकट, खरं सरसकट सगळ्यांना २०० नाही. २०२२-२३ या वर्षात तुमचा महिन्याचा सरासरी वापर किती होता ते बघतात, त्यावर १० टक्के वाढवतात, आणि तेवढी तुमची मर्यादा. त्याच्या आत राहिला तर शून्य बिल. मर्यादेच्या वर खरं २०० च्या आत असला तर फक्त वरच्या युनिटचे पैसे. आणि २०० ओलांडले की त्या महिन्याचं सगळंच्या सगळं बिल भरायचं, पहिल्या युनिटपासून. या घराची सरासरी निघाली १५८, म्हणून मर्यादा १७४. दीड वर्ष शून्य बिल येत होतं आणि घरात सगळ्यांना त्याची सवय लागली होती, चिठ्ठी आली की न बघता देव्हाऱ्याखालच्या ड्रॉवरमध्ये.

अडचण

२०२४च्या ऑक्टोबरमध्ये १६३ युनिट, शून्य. नोव्हेंबरला १७२, ते पण शून्य. डिसेंबरला १८९ झाले, म्हणजे १५ युनिटचे पैसे, शंभराच्या आत. धाकट्यानं फोनवरनं भरून टाकले आणि विषय संपला, थंडी आहे, गिझर चालतोय, होणारच की. जानेवारीला २१४. बिल साधारण सतराशे.

सतराशे रुपये म्हणजे काही घर बुडत नाही, खरं दीड वर्ष शून्य बघितलेल्या माणसाला तो आकडा लागतोच. त्या रात्री घरात जे झालं ते मला दुसऱ्या दिवशी थोरल्यानं चहाला सांगितलं. प्रत्येकाकडं एक आरोपी तयार. थोरला म्हणे मीटर बिघडलाय, वैनी म्हणे धाकटा अर्धा अर्धा तास शॉवरखाली उभा असतो, धाकटा म्हणे वरच्यांनी आल्यापासून पाणी बेफाम वाढलंय, मोटर आपल्या मीटरवर आणि मजा त्यांची. आजी काहीच बोलली नाही.

पाण्याचं नाव निघालं ते असं, भांडणात. लाईट बिल आणि पाणी याचा संबंध तोपर्यंत कुणी जोडला नव्हता.

काय काय पर्याय पुढं आले

पहिला पर्याय मीटर तपासून घेण्याचा अर्ज. थोरला दुसऱ्याच दिवशी जाणार होता. मी म्हटलं थांब, आधी घरातलं सगळं बंद करून बघ. मेन स्विच खाली ओढला आणि मीटरवरचा लाल दिवा लुकलुकायचा थांबला. म्हणजे काही चालू नसताना मीटर आपल्या मनानं पळत नव्हता. परत चालू करून एकट्या गिझरवर बघितलं, २ किलोवॅटचा गिझर १५ मिनिटं सलग चालला तर अर्धा युनिट पडायला पाहिजे, तेवढाच पडला. मीटर ठीक होता. अर्ज राहिला.

दुसरा, वरच्यांचं भाडं पाचशेनं वाढवायचं, पाण्याचे म्हणून. हा धाकट्याचा. तिसरा पण त्याचाच, मोटरची वायर वरच्या मीटरला जोडायची कारण वरचे दोघं दिवसभर बाहेर, त्यांचे युनिट कमी. ऐकायला सोपं वाटतं, खरं दुसऱ्याच्या मीटरवर आपली मोटर चालवणं हे काही बरोबर नाही, ते सोडा, हिशोबानं पण बसत नव्हतं. वरचा मीटर नवा, त्याला २०२२-२३ चा वापरच नाही, आणि अशा नव्या जोडणीला राज्याची सरासरी ५३ युनिट धरून त्यावर १० टक्के देतात, म्हणजे ५८. मोटर तिकडं टाकली असती तर त्यांना दर महिन्याला बिल आलं असतं आणि दोन महिन्यात घर खाली झालं असतं.

चौथा सोलर वॉटर हीटर. वैनीच्या माहेरी आहे, तिला पाहिजेच होता. दीडशे लिटरचा बसवून पंचवीस-तीस हजारात जातो. माझं मत विचारलं तर मी म्हटलं चांगलाच आहे, खरं बेळगावच्या पावसाळ्यात जुलै-ऑगस्ट दोन महिने सूर्य दिसायची मारामार, तेव्हा गिझर लागणारच, आणि तुमच्या बोअरच्या पाण्यात क्षार इतका आहे की बादलीला पांढरा थर बसतो, तो ट्यूबमध्ये पण बसणार. आणि मुख्य म्हणजे बिल कशानं वाढलं हेच अजून माहीत नाही.

पाचवा जुनी विहीर. परसात विहीर आहे, वर स्लॅब टाकून बंद केलेली. बेळगावात जुन्या घरांना विहिरी आहेतच, १९२४च्या काँग्रेस अधिवेशनाला आलेल्या लोकांसाठी टिळकवाडीत खोदलेली विहीर अजून आहे, सगळ्यांना माहीत असते. विहिरीचं पाणी वर, त्यामुळं मोटर छोटी लागते आणि वीज कमी जाते, हे खरं. शिवाय नऊशे चौरस फुटाची गच्ची आणि वर्षाला साधारण बाराशे मिलिमीटर पाऊस धरला, काही वाया गेला तरी ऐंशी हजार लिटर पाणी विहिरीत सोडता येईल असा हिशोब थोरल्यानं वहीत मांडला होता. खरं गटार विहिरीपासनं अगदी जवळनं जातं, आणि बळ्ळारी नाल्याला पाणी चढलं की या भागातली गटारं काय करतात ते वडगाव-अनगोळच्या माणसाला सांगायला नको. पाणी तपासल्याशिवाय त्या विहिरीला हात लावायचा नाही असं ठरलं, आणि ते काम अजून तसंच आहे.

सहावा माझा. काही विकत घ्यायचं नाही, आठवडाभर फक्त मोजायचं. पैसे लागत नव्हते म्हणून सगळे तयार झाले, माझ्यावर विश्वास होता म्हणून नव्हे.

मोजणी

आधी मोटर. बाकी सगळं बंद ठेवून एकटी मोटर रिकाम्या टाकीवर चालवली. टाकी भरायला चाळीस मिनिटं लागली आणि मीटरवर एक युनिट पडलं. म्हणजे या घरात हजार लिटर पाणी वर चढवायला एक युनिट. प्रत्येक घराचा हा आकडा वेगळा येणार, बोअर किती खोल, मोटर किती जुनी, पाईप केवढा यावर. हौदातनं साध्या मोनोब्लॉकनं (जमिनीवर बसवतात त्या पंपानं) चढवलं असतं तर याच्या निम्म्याहून कमी लागलं असतं. खरं एकदा हा आकडा हातात आला की लिटरचं युनिट करता येतं, पुढचं सगळं त्याच्यावरच उभं राहिलं.

मग रात्रीची टेस्ट. रात्री अकराला टाकी भरून मोटर बंद, आणि धाकट्यानं गच्चीवर जाऊन टाकीत काठी सोडून पाण्याची पातळी खूण केली. पहाटे पाचला, कुणी उठायच्या आधी, परत तीच काठी. पाणी एक वीत उतरलेलं. टाकीच्या आकारावरनं एक वीत म्हणजे साधारण दोनशे लिटर. आजी रात्री एकदा उठते, एक फ्लश दहा लिटर, ते सोडून द्या. सहा तासात दोनशे तर दिवसाला आठशे, महिन्याला चोवीस हजार लिटर, म्हणजे चोवीस युनिट, आणि सगळे झोपलेले असताना.

आता गळती कुठं. खालचे सगळे नळ बघितले, एक मोरीतला ठिबकत होता, त्यानं एवढं पाणी जात नाही. भिंतीला ओल नाही. राहिले फ्लश. वैनीकडं जिलेबीचा केशरी रंग होता, तो चिमूटभर खालच्या फ्लशच्या टाकीत टाकला आणि फ्लश न करता वाट बघितली. काहीच नाही, भांड्यातलं पाणी स्वच्छ. मग वरच्यांच्या दारावर.

वर जायला कुणी तयार नव्हतं कारण मधल्या काळात धाकट्यानं जिन्यात एकदा दोनदा टोमणा मारून झाला होता. शेवटी आजी गेली रंगाची वाटी घेऊन, कन्नडमध्येच बोलली. वरच्या बाईनं दार उघडलं, ऐकून घेतलं, आणि शांतपणे म्हणाली की ऑक्टोबरलाच सांगितलं होतं की आंटी, फ्लशमधनं आवाज येतोय म्हणून, तुमच्या मुलाला सांगितलं, ते बघू की म्हणाले.

मुलगा म्हणजे थोरला. त्याला आठवलं पण. दिवाळीच्या गडबडीत जिन्यात भेटली होती, अर्धं मराठी अर्धं कन्नड काहीतरी म्हणाली, यानं "बघू की" म्हटलं आणि डोक्यातनं गेलं.

वरच्या फ्लशमध्ये रंग टाकला आणि दहा मिनिटात भांड्याच्या मागच्या कडेनं केशरी ओघळ खाली यायला लागला, बारीक, सुतासारखा. नुसत्या डोळ्यांनी बघितलं असतं तर दिसलं नसतं, पांढऱ्या भांड्यावर पांढरं पाणी. टाकीच्या तळाचा रबराचा वॉशर क्षारानं कडक होऊन वाकडा झाला होता, नीट बसतच नव्हता.

खरं हिशोब अजून पुरा होत नव्हता. ऑक्टोबरचे १६३ आणि जानेवारीचे २१४, फरक ५१. चोवीस इथं सापडले. थंडीत गिझरचे दहा-बारा समजून घेता येतात. बाकीचे?

ते सापडले परसात. टाकीचा ओव्हरफ्लोचा पाईप मागच्या भिंतीवरनं खाली सोडलेला, आणि जिथं पाईप संपतो तिथं आजीचा अळू. जानेवारीत, बाकी परस वाळलेलं असताना, तिथला अळू कमरेएवढा आणि पानं सुपाएवढी. आजी दर चार दिवसाला अळूची भाजी करत होती, शेजारी वाटत होती, आणि कुणाच्या डोक्यात आलं नाही की याला पाणी घालतंय कोण. भिंतीवर वरपासून खालपर्यंत शेवाळाचा हिरवा पट्टा.

झालं होतं असं की आधी पहाटेची मोटर थोरला चालू करायचा आणि तोच बंद करायचा. नोव्हेंबरपासून त्याची पहिली शिफ्ट लागली, सहाच्या आत घरातनं बाहेर. मोटर वैनीकडं आली आणि त्याच वेळेला पोरांचे डबे, शाळेची व्हॅन. वैनी स्वतःच म्हणाली, "मी बटन दाबून डब्याला लागतो, परत ध्यानात येतंय तवर वरनं पाणी पडायला लागलेलं असतंय." रोज वीस मिनिटं जास्त धरली तरी दिवसाला अर्धं युनिट आणि पाचशे लिटर, महिन्याला पंधरा युनिट. आता जमलं, चोवीस आणि पंधरा एकोणचाळीस, वर गिझरचे बारा.

थोरल्यानं वहीत मांडून बघितलं तर आठ माणसं मिळून बोअरचं पाणी महिन्याला पंचवीस-सव्वीस हजार लिटर वापरत होती आणि वाया जात होतं एकोणचाळीस हजार. माणसांपेक्षा अळू आणि गटार जास्त पीत होते.

काय काय केलं

फ्लशचा वॉशर त्याच दिवशी. खडेबाजारातनं वॉशरचा सेट आणला, दोनशेच्या आत, मीच बसवला. खालच्या फ्लशचा पण बदलून टाकला, पाणी तेच आहे, आज ना उद्या त्याचं पण तेच होणार. भाडं वाढवायचा विषय आजीनं तिथंच संपवला. "फ्लश आपला, टाकी आपली, सांगितलेलं आपल्याला, आणि पैसे त्यांच्याकडनं व्हय?"

मोटरचं ठरवायला जास्त वेळ लागला आणि माझ्या मते या प्रकरणातला खरा निर्णय हाच. सगळ्यांना फुल ऑटोमॅटिक पाहिजे होतं, टाकीत फ्लोट टाकायचा, पाणी उतरलं की मोटर आपोआप चालू, भरलं की बंद. गल्लीतल्या इलेक्ट्रिशियननं नको म्हटलं. एप्रिल-मे महिन्यात या बोअरचं पाणी खाली जातं, मोटर चालू केली की दहा-पंधरा मिनिटात हवा मारायला लागते. तेव्हा ऑटोमॅटिक असलं आणि घरात कुणी नसलं तर टाकी भरत नाही म्हणून मोटर कोरडीच चालत राहणार आणि जळणार. सबमर्सिबल वर काढायची, वायंडिंग करायची, परत सोडायची म्हणजे वर्षभराच्या लाईट बिलाला भारी. ड्राय रनचं संरक्षण असलेलं पॅनेल मिळतं खरं ते महाग. मला पण इलेक्ट्रिशियनचं पटलं.

मधला मार्ग म्हणून आधी टाकीला अलार्म लावला, पाणी भरलं की बोलतो तसला, अडीचशे रुपयाचा. पहाटे पावणेसहाला गच्चीवरनं बाई मोठ्यानं ओरडायला लागली की शेजारच्या घरातले पण उठायला लागले. तीन-चार दिवसात काढून टाकायला लागला. मग पॅनेलला टायमर. बटन माणसानंच दाबायचं, बंद मात्र ३५ मिनिटांनी आपोआप. विसरलं तरी फरक पडत नाही आणि मोटर आपल्या मनानं कधी चालू होत नाही. टायमर आणि मजुरी मिळून बाराशे, वॉशर आणि अलार्म धरले तरी खर्च त्या एका बिलाएवढाच.

आंघोळीचा विषय नाजूक होता. हिशोब सांगतो, वीस लिटरची बादली, पाणी वीस डिग्रीवरनं चाळीसवर न्यायचं म्हटलं की साधारण अर्धं युनिट. शॉवरखाली दहा मिनिटं उभं राहिलं की चाळीस-पन्नास लिटर सहज, म्हणजे एक युनिट. एका माणसानं रोज शॉवरऐवजी बादली घेतली तर महिन्याला पंधरा युनिट वाचतात, टायमरनं वाचले तेवढेच. हे मी धाकट्याला सांगितलं. त्यानं ऐकलं. थंडी संपेपर्यंत बादली, नंतर परत शॉवर, पण तेव्हा गारच पाण्याचा, असं ठरवलं आणि पाळलं पण. आजीचा तांब्याचा बंब परसात अजून आहे, तिनं तो रोज पेटवू म्हटलं, वैनीनं हात जोडले. राख काढायची कुणी, धूर खायचा कुणी, हे ठरवणाऱ्यांपेक्षा करणाऱ्याला जास्त माहीत असतं.

वैनीचा भाऊ बेंगळूरला असतो. तिकडं २०२४च्या मार्चमध्ये पाणीटंचाईत अपार्टमेंट आणि हॉटेलांना नळाला एअरेटर (पाणी कमी पडावं म्हणून तोंडाला बसवायची जाळी) सक्तीचे केले होते, त्यानं येताना चार आणले. खाली स्वयंपाकघरात चांगला चालला. वर मात्र टाकी डोक्यावरच असल्यानं प्रेशर नाही, नळातनं नुसती लाळ गळल्यासारखं पाणी, आणि महिन्याभरात क्षारानं जाळी बंद. वरचा काढला, खालचा ठेवला आणि तो पण दर पंधरा दिवसाला व्हिनेगरमध्ये टाकायला लागतो. दुकानदार हे सांगत नाहीत.

आरओ पण बंद केला. हौदातलं पाणी नळाचं, म्हणजे राकसकोप नाहीतर हिडकल धरणाचं, गोडं पाणी. त्याला आरओ लावून एक लिटर प्यायला आणि दोन-तीन लिटर गटारात सोडायचं कशाला, आणि तेही ज्या नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं त्याचं. साधा फिल्टर आणि उकळून. आठवडाभर पोरांनी चव वेगळी लागते म्हणून कुरकूर केली.

निकाल

फेब्रुवारीला १६८, शून्य बिल. मार्चला १५८. एप्रिलला अंदाज होता तसा बोअर खाली गेला, तेवढंच पाणी चढवायला मोटर जास्त वेळ चालायला लागली आणि १७९ झाले, पाच युनिटचे पैसे भरले. मे महिन्यात वळीव बरा झाला, १७०.

पैशाचा हिशोब एवढाच. मला जास्त महत्त्वाचं वाटलं ते दुसरंच. आदल्या उन्हाळ्यात या घराला एप्रिलपासून टँकर मागवायला लागले होते, एका टँकरला पाचशे-सहाशे. या वेळेला मे महिन्यात एकच मागवला. बोअर तोच, माणसं तेवढीच. याचं सगळं श्रेय वॉशरला आणि टायमरला देणार नाही, पाऊस आणि आजूबाजूच्या बोअरवर पण असतं. खरं दिवसाला तेराशे लिटर उपसा कमी झाला तर जमिनीत काहीतरी राहणारच की.

आजीचा अळू मात्र फेब्रुवारीतच बसला. तिनं आता कपडे धुतलेलं शेवटचं पाणी तिकडं सोडलंय, आधीसारखी पानं होत नाहीत म्हणून अधूनमधून टायमरला बोलते.

परत करायचं झालं तर

डिसेंबरचं बिल. शंभराच्या आतलं, म्हणून कुणी बघितलं नाही. या योजनेत मर्यादा ते २०० या मधल्या पट्टीत बिल आलं की तेव्हाच मीटर बघायला पाहिजे, कारण पुढचा महिना रेघेपलीकडं गेला की एकदम सगळं अंगावर येतं. १८९ चं बिल शंभर रुपये आणि २१४ चं सतराशे, युनिटचा फरक फक्त पंचवीस. पहिल्या चिठ्ठीवर रात्रीची काठीची टेस्ट केली असती तर सतराशे वाचले असते.

ऑक्टोबरमधलं जिन्यातलं बोलणं तर त्याच्याही आधीचं. थोरल्याला मी दोष देत नाही, दिवाळी होती, भाषेची अडचण होती. खरं भाडेकरूनं तक्रार केली म्हणजे तो कटकट्या, ही आपल्याकडं घरमालकांची एक समजूत असते, ती इथं महागात पडली. शिवाय धाकट्याच्या टोमण्यांनी जे बिघडलं ते वॉशर बदलून लगेच नीट झालं नाही, वरची बाई दोन महिने आजीशिवाय कुणाशी बोलत नव्हती.

मोटर वैनीकडं दिली तेव्हा ती काय वेळेला काय करत असते हे कुणी बघितलं नाही. सकाळी पावणेसहाऐवजी रात्री नऊला मोटर चालू केली असती तर टायमर पण लागला नसता, त्या वेळेला घरात चार मोठी माणसं रिकामी असतात. हे आम्हाला टायमर बसवल्यावर सुचलं. आता मोटर रात्रीच चालते आणि टायमर आहे तो आहे.

एक गोष्ट मी आग्रहानं करायला लावली, मोटरला वेगळा सबमीटर. सहाशे-सातशेचा येतो, पॅनेलच्या शेजारी बसवला. महिन्याला मोटरचे तीसच्या आसपास पडतात, उन्हाळ्यात चाळीस. त्याच्या वर आकडा गेला की आधी फ्लश बघायचा, मग भांडण.

जूनमध्ये वरच्यांचा अकरा महिन्याचा करार संपला तेव्हा नव्या करारात दोन ओळी घातल्या. नळ-फ्लशची तक्रार आली की आठवड्यात दुरुस्ती मालकानं करायची, आणि तक्रार व्हॉट्सअॅपवर करायची, कन्नडमध्ये केली तरी चालेल. भाडं नेहमीप्रमाणं पाच टक्के वाढलं, पाण्याचे वेगळे लावले नाहीत. सोलरचं कोटेशन वैनीनं परत काढून ठेवलंय, पावसाळ्यानंतर बघू म्हणतायत.